खुर्ची रिकामी, काम चालू

२०२३च्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यात नव्याने निवडून आलेल्या ग्रामपंचायत सदस्य बायकांचं एक शिबिर होतं. ग्रामसभा, ठराव, इतिवृत्त, सही करण्याआधी कागद वाचणं, असे विषय चालले होते. चहाच्या सुट्टीत एका सदस्याने विचारलं, "ताई, टीव्हीवर विधान परिषद दाखवतात ना, तिथं वर एक बाई बसलेल्या असतात. पण खाली पट्टीवर 'उपसभापती' लिहिलेलं असतं. मग सभापती कुठं गेलेत?" दुसरी म्हणाली, "रजेवर असतील." सगळ्या हसल्या. तेव्हा सभापतिपद रिकामं होऊन जवळपास एक वर्ष होत आलं होतं. मी तसं सांगितलं, तर लगेच पुढचा प्रश्न आला, "मग काम ह्याच करतात, तर ह्यांनाच का नाही करत सभापती?"

मैत्रिणींनो, प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर राज्यघटनेच्या चार-पाच कलमांत आहे आणि थोडं राजकारणात आहे. गावाकडच्या बाईला हा प्रश्न चटकन सुचला याचंही मला नवल वाटलं नाही. कारण 'काम तुम्ही बघा, पदाचं नंतर बघू' हे वाक्य तिने घरात, सोसायटीत, मंडळात, पतसंस्थेत कधी ना कधी ऐकलेलं असतंच.

आधी हे वरचं सभागृह म्हणजे काय ते थोडक्यात. आपण थेट मत देतो ते आमदार बसतात ती विधानसभा. दुसरं सभागृह म्हणजे विधान परिषद. देशात आता सहाच राज्यांत ती आहे : महाराष्ट्र, कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा. आपल्या परिषदेत ७८ जागा आहेत. त्यातल्या ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी, ७ पदवीधर आणि ७ शिक्षक निवडतात. उरलेल्या १२ जणांची नेमणूक राज्यपाल करतात. विधानसभा पाच वर्षांनी बरखास्त होते, परिषद कधीच बरखास्त होत नाही. दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि नवे येतात. घरातली पिंपाची टाकी जशी पूर्ण रिकामी न करता थोडं काढायचं, थोडं भरायचं, तसं. ही 'कधीच न संपणारी' रचना पुढच्या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी आहे, म्हणून एवढं सांगितलं.

विधानसभेत मुख्य आसनावर बसतात त्यांना अध्यक्ष म्हणतात, परिषदेत सभापती. घटनेचं १८२ वं कलम सांगतं की परिषदेने आपल्यातल्याच दोघांना सभापती आणि उपसभापती म्हणून 'शक्य तितक्या लवकर' निवडावं, आणि पद जेव्हा जेव्हा रिकामं होईल तेव्हा तेव्हा पुन्हा दुसरं कुणी निवडावं. हे 'शक्य तितक्या लवकर' लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचंच आहे.

पद जातं कसं, ते १८३ व्या कलमात आहे. तीन वाटा आहेत. पहिली, सदस्यत्व संपलं की पद संपलं. दुसरी, राजीनामा. त्यातही एक गंमत आहे. सभापतींनी राजीनामा द्यायचा तो मुख्यमंत्र्यांकडे नाही, राज्यपालांकडेही नाही, तर उपसभापतींकडे. आणि उपसभापतींनी द्यायचा तो सभापतींकडे. म्हणजे दोघांनी एकमेकांच्या हातात कागद द्यायचा. सभागृह स्वतःच्या कारभाराला स्वतः मुखत्यार आहे, बाहेरच्या कुणाचा संबंध नाही, असा त्यातला अर्थ.

तिसरी वाट म्हणजे ठराव करून हटवणं. त्यासाठी चौदा दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि त्या वेळी परिषदेत जितके सदस्य असतील त्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. हजर असलेल्यांच्या नव्हे, असलेल्यांच्या. समजा त्या दिवशी परिषदेत ६० सदस्य आहेत, तर ३१ मतं हवीतच, मग सभागृहात चाळीसच जण का बसलेले असेनात. आपल्याकडे हे झालेलं आहे. मार्च २०१५मध्ये काँग्रेसचे शिवाजीराव देशमुख यांना असंच पदावरून जावं लागलं. २००४ पासून ते सभापती होते. ठराव राष्ट्रवादी काँग्रेसने आणला होता आणि भाजपने त्याला साथ दिली होती. त्याच महिन्यात राष्ट्रवादीचे रामराजे नाईक-निंबाळकर सभापती झाले.

आता पहिल्या वाटेकडे या. सदस्यत्व संपलं की पद संपलं, यात काय विशेष, असं वाटेल. पण विधानसभेच्या अध्यक्षांना घटनेने एक सवलत दिली आहे. विधानसभा बरखास्त झाली तरी अध्यक्ष लगेच पायउतार होत नाहीत. नव्या विधानसभेची पहिली बैठक भरण्याच्या अगदी आधीपर्यंत ते पदावर असतात. खुर्ची कधी पोरकी राहू नये म्हणून ही सोय. परिषदेच्या सभापतींसाठी अशी सोय नाही. परिषद बरखास्तच होत नाही, तर सवलत कशाला, असा विचार घटनाकारांनी केला असावा. पण सभागृह संपलं नाही तरी माणसाची सहा वर्षं संपतातच ना!

रामराजेंच्या बाबतीत हे दोनदा घडलं. २०१६च्या जुलैमध्ये त्यांची सदस्यत्वाची मुदत संपली, ते पुन्हा सदस्य झाले आणि त्याच महिन्यात परिषदेने त्यांना पुन्हा सभापती निवडलं. सहा वर्षांनी, जुलै २०२२मध्ये, परत मुदत संपली. याही वेळी ते जूनमधल्या निवडणुकीत पुन्हा निवडून आले होते. म्हणजे एक दिवसाचाही खंड न पडता ते सदस्य राहिले. पण सभापतिपद मात्र गेलं, कारण जुन्या सदस्यत्वाबरोबर ते संपलं आणि नव्या सदस्यत्वाबरोबर ते आपोआप येत नाही. पुन्हा निवडावं लागतं. आणि त्याच पंधरवड्यात महाराष्ट्राचं सरकार बदललं होतं. उद्धव ठाकरे जाऊन एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले होते. सभापतींची निवडणूक काही लागली नाही.

अशा वेळी काय, ते १८४ वं कलम सांगतं. सभापतींचं पद रिकामं असेल तर त्या पदाची कर्तव्यं उपसभापती पार पाडतील. तेव्हा उपसभापती होत्या डॉ. नीलम गोऱ्हे.

गोऱ्हेताईंचं नाव आपल्या पिढीच्या बायकांना नवीन नाही. आयुर्वेदाच्या डॉक्टर, पुण्याच्या स्त्री आधार केंद्राच्या संस्थापक, हुंडाबळी आणि अत्याचाराच्या प्रकरणांत धावून जाणाऱ्या कार्यकर्त्या म्हणून त्या आधी माहीत झाल्या आणि शिवसेनेच्या आमदार नंतर. २००२ पासून त्या परिषदेत होत्या. जून २०१९मध्ये त्या उपसभापती झाल्या. त्याआधी माणिकराव ठाकरे यांची मुदत २०१८च्या जुलैमध्ये संपली होती आणि उपसभापतिपदही जवळपास अकरा महिने रिकामंच होतं. गोऱ्हेताईंना स्वतःलाही तो मुदतीचा नियम लागलाच. एप्रिल २०२०मध्ये त्यांचं सदस्यत्व संपलं, उपसभापतिपद गेलं. मे महिन्यात त्या बिनविरोध पुन्हा सदस्य झाल्या, पण करोनाचे दिवस होते. उपसभापतिपदी फेरनिवड व्हायला सप्टेंबर उजाडला.

त्यांच्याआधी या आसनावर बाई बसल्या होत्या का? बसल्या होत्या, पण कधी, तर १९५०च्या दशकात. जेठी सिपाहिमलानी त्यांचं नाव. फाळणीआधी सिंधच्या विधानसभेत त्या उपाध्यक्ष होत्या. फाळणीनंतर मुंबईत आल्या आणि इथल्या विधान परिषदेच्या उपसभापती झाल्या. घरदार, गाव, मुलूख सोडून आलेली बाई नव्या राज्याच्या सभागृहात त्याच योग्यतेच्या आसनावर बसते, ही गोष्ट खरं तर शाळेच्या पुस्तकात हवी. मला तिचं नाव कॉलेजात राज्यशास्त्र शिकतानाही कुणी सांगितलं नव्हतं.

तर जुलै २०२२ पासून गोऱ्हेताई सभापतींची कर्तव्यं पार पाडू लागल्या. आता 'प्रभारी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? अंगणवाडीत सेविका निवृत्त झाली की मदतनीस सगळं बघते, पण रजिस्टरवर सही दुसऱ्याच सेविकेची लागते. शाळेत मुख्याध्यापक नसतात, ज्येष्ठ बाई चार्ज घेतात, पण मोठा निर्णय 'साहेब आल्यावर'. परिषदेत तसं नाही, हे आवर्जून सांगायला हवं. घटना 'कर्तव्यं पार पाडतील' म्हणते तेव्हा अधिकारासकट पार पाडतील असंच म्हणते. कुणाला बोलायला द्यायचं, कुठली लक्षवेधी घ्यायची, मंत्र्यांना कधी निर्देश द्यायचे, गोंधळ घालणाऱ्याला बाहेर काढायचं का, आणि मतं समसमान पडली तर आपलं निर्णायक मत कुठे टाकायचं, हे सगळं आसनावर बसलेल्या व्यक्तीच्या हातात असतं. ऑगस्ट २०२२मध्ये अंबादास दानवे यांना परिषदेचे विरोधी पक्षनेते म्हणून मान्यता मिळाली, ती गोऱ्हेताईंनीच दिली. काँग्रेसला तेव्हा ते रुचलं नव्हतं, तरी निर्णय टिकला. म्हणजे अधिकार पुरा होता. नव्हतं ते फक्त पद.

आणि ते किती दिवस नव्हतं? जुलै २०२२ ते १९ डिसेंबर २०२४. दोन वर्षं पाच महिने. या काळात अर्थसंकल्प आले, नागपूरची हिवाळी अधिवेशनं झाली, मराठा आरक्षणावरची वादळी चर्चा झाली. सगळं उपसभापतींच्या अध्यक्षतेखाली.

इथे ते 'शक्य तितक्या लवकर' परत येतं. घटनेने किती दिवसांत निवडा हे सांगितलेलंच नाही. म्हणून कुणी नियम मोडला असं म्हणता येत नाही. आणि हा एकाच पक्षाचा दोष आहे असंही समजू नका. फेब्रुवारी २०२१मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. तेव्हा महाविकास आघाडीचं सरकार होतं. राज्यपालांशी वाद, मतदान गुप्त की आवाजी असा वाद, असं करत करत ते पद जुलै २०२२मध्ये राहुल नार्वेकर येईपर्यंत, सतरा महिने, रिकामं राहिलं. काम पाहिलं उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी, दिंडोरीच्या आदिवासी भागातून आलेल्या माणसाने. दिल्लीतही तेच. २०१९ ते २०२४ या लोकसभेने पूर्ण पाच वर्षांत उपाध्यक्ष निवडलाच नाही.

मग घटनेत मुदती घालायची रीतच नाही का? आहे की. राष्ट्रपतींचं पद मध्येच रिकामं झालं तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावीच लागते. आमदार-खासदाराची जागा रिकामी झाली तर पोटनिवडणुकीला कायद्याने सहा महिन्यांची मुदत आहे, ठरावीक अपवाद सोडून. जिथे मुदत आहे तिथे ती बहुतेक पाळली जाते. उपराष्ट्रपतिपदाला अशी मुदत नाही, तिथेही 'शक्य तितक्या लवकर' असंच आहे. तरी जुलै २०२५मध्ये जगदीप धनखड यांनी राजीनामा दिल्यावर राज्यसभेचं काम उपसभापती हरिवंश यांच्याकडे आलं आणि सप्टेंबरात सी. पी. राधाकृष्णन निवडून आलेही. मनात असलं की पन्नास दिवसांत होतं. सभापती आणि अध्यक्ष यांच्या निवडीलाही सहा महिन्यांची मुदत घालायला काय हरकत आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. सत्ताधाऱ्यांना गणित जुळेपर्यंत थांबायला मोकळीक हवी असते, हे खरं कारण. ते कुणी सभागृहात उभं राहून सांगत नाही एवढंच.

गणिताचंही जरा बघू. त्या काळात परिषदेच्या ७८ खुर्च्यांपैकी बऱ्याच रिकाम्या होत्या. राज्यपालांनी नेमायच्या बारा जागांची यादी महाविकास आघाडी सरकारने नोव्हेंबर २०२०मध्ये दिली. तिच्यावर निर्णयच झाला नाही. शेवटी ऑक्टोबर २०२४मध्ये, दुसऱ्या सरकारच्या यादीतून, सात जणांनी शपथ घेतली. स्थानिक संस्थांच्या जागांचं तर विचारूच नका. नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषदा यांच्या मुदती संपल्या, निवडणुका कोर्टकचेरीत अडकल्या, सगळीकडे प्रशासक बसले. नगरसेवकच नाहीत तर त्यांनी निवडायचा आमदार कुठून येणार? एकूण मतदारांपैकी किमान ७५ टक्के असल्याशिवाय ती निवडणूक घेत नाहीत. त्यामुळे परिषदेतल्या एकामागून एक जागा रिकाम्या होत गेल्या. खाली पंचायतीचं दार बंद, म्हणून वर परिषदेची खिडकी बंद.

समजा सभापतीही नाहीत आणि उपसभापतीही नाहीत, तर? त्याचीही सोय आहे. मग राज्यपाल परिषदेतल्याच एका सदस्याला काम पाहायला नेमतात. उत्तर प्रदेशात जानेवारी २०२१च्या अखेरीस सभापती रमेश यादव यांची मुदत संपली तेव्हा राज्यपालांनी कुंवर मानवेंद्र सिंह यांना असंच हंगामी सभापती नेमलं. आणि रोजच्या बैठकीत दोघंही थोडा वेळ आसनावर नसतील, तर तालिका सभापती असतात. अधिवेशनाच्या सुरुवातीला काही सदस्यांची नावं जाहीर होतात, त्यांच्यातलं कुणी येऊन बसतं.

कागदावर सगळं इतकं नीट आहे की खुर्चीसाठी झटापट व्हायचं कारणच नाही. तरी झाली, कर्नाटकात. १५ डिसेंबर २०२०ला बेंगळुरूच्या विधान परिषदेत सभापती प्रतापचंद्र शेट्टी यांच्याविरुद्ध अविश्वासाची नोटीस होती. हटवण्याचा ठराव चर्चेला असताना त्याच व्यक्तीने आसनावर बसू नये, असं घटना सांगते. त्या वेळी ते सदस्य म्हणून बोलू शकतात, मतही देऊ शकतात, फक्त मतं समसमान पडली तर निर्णायक मत त्यांचं नाही. आता ठराव 'चर्चेला आला' कधी म्हणायचं, नोटीस दिली तेव्हा की पुकारला तेव्हा, यावर दोन्ही बाजू अडून बसल्या. सभापती आत येण्याआधीच भाजप आणि जनता दलाच्या पाठिंब्यावर उपसभापती धर्मेगौडा आसनावर जाऊन बसले आणि काँग्रेसच्या सदस्यांनी त्यांना हाताला धरून ओढून खाली उतरवलं. सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. फेब्रुवारी २०२१मध्ये शेट्टींनी राजीनामा दिला आणि बसवराज होरट्टी सभापती झाले. आपल्या ग्रामसभेत खुर्च्या उचलल्या की आपल्याला 'अडाणी' म्हणणाऱ्यांनी ती चित्रफीत जरूर बघावी.

महाराष्ट्रात असली ओढाताण झाली नाही, पण पेच याहून अवघड पडला. जुलै २०२३मध्ये गोऱ्हेताईंनी एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत प्रवेश केला. विरोधकांनी लगेच आक्षेप घेतला : पक्ष बदलला, तर पक्षांतरबंदी कायद्याखाली यांच्या पात्रतेचं काय? परिषदेतल्या सदस्याच्या अपात्रतेचा निर्णय करतात सभापती. सभापती नाहीत म्हणून त्यांचं काम करतात उपसभापती. आणि तक्रार आहे उपसभापतींविरुद्धच! खुद्द सभापतींवरच असा प्रश्न आला तर सभागृहाने निवडलेला दुसरा सदस्य निर्णय करेल, असं दहाव्या परिशिष्टात आहे. पण उपसभापतींबद्दल तिथे काही लिहिलेलं नाही, कारण वर सभापती असणारच हे लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. गोऱ्हेताईंचा निर्णय कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. माझ्या परिचयाच्या ज्या बायका त्यांच्या मोर्चांत चालल्या होत्या त्यांच्यातही तेव्हा दोन तट पडले होते. तो ज्याचा त्याचा विचार. पण निवाडा करणारी खुर्ची वर्षानुवर्षं भरायची नाही, आणि मग निवाडा कोण करणार यावर भांडायचं, हे दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांना शोभणारं नव्हतं.

तर मग 'ह्यांनाच का नाही करत सभापती?' या शिबिरातल्या प्रश्नाचं काय?

उपसभापतींना सभापती करण्याची वाट नियमात बंद नाही, पण ती आपोआपची वाटही नाही. ज्येष्ठता, अनुभव, काम, यातलं काही नियमात मोजलं जात नाही. परिषदेने मत देऊन निवडायचं एवढंच आहे. आपल्याकडे उपसभापती पुढे सभापती झाल्याचं चांगलं उदाहरण आहे. रा. सू. गवई १९६८ पासून दहा वर्षं उपसभापती होते आणि १९७८ मध्ये सभापती झाले. पुढे ते बिहार आणि केरळचे राज्यपालही होते. त्यांच्याआधीचे सभापती म्हणजे वि. स. पागे. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं त्यांनी हे आसन सांभाळलं. ज्या रोजगार हमी योजनेवर आपल्या आयांनी-मावशांनी दुष्काळात पाझर तलावाची माती वाहिली, तिचे जनक हेच पागे. परिषदेचा सभापती म्हणजे नुसतं 'शांत राहा, शांत राहा' म्हणणारा माणूस असतो असं वाटणाऱ्यांनी पाग्यांचं नाव आठवावं. त्यांच्यानंतर गवई, मग लोकमान्यांचे नातू जयंतराव टिळक, ना. स. फरांदे, शिवाजीराव देशमुख, रामराजे.

आणि १९ डिसेंबर २०२४ला, नागपूरच्या अधिवेशनात, भाजपचे प्रा. राम शिंदे बिनविरोध सभापती झाले. महिन्यापूर्वीच कर्जत-जामखेडमधून ते अगदी थोडक्या मतांनी विधानसभा हरले होते, पण परिषदेचे सदस्य २०२२ पासून होतेच. रामराजे ज्या जून २०२२च्या निवडणुकीत पुन्हा आले, त्याच निवडणुकीत तेही आले होते. शिंदे चोंडीचे, म्हणजे अहिल्यादेवींच्या माहेरगावचे. अहिल्यादेवींनाही मल्हाररावांच्या आणि मग मुलाच्या मृत्यूनंतर, १७६७मध्ये, गादीच्या वारशाचा प्रश्न सोडवावा लागला होता. कारभार त्या आधीपासून पाहत होत्या. तिथे काम करणाऱ्या हाताकडेच गादी आली. इथे ती आली नाही. गोऱ्हेताई उपसभापतीच राहिल्या. पुढे मार्च २०२५मध्ये विरोधकांनी त्यांच्यावर अविश्वासाची नोटीस दिली, तेव्हा सत्ताधाऱ्यांनी सभागृहात त्यांच्यावर विश्वासाचा ठराव मंजूर करून घेतला. पागे ते शिंदे, या संपूर्ण यादीत बाईचं नाव एकही नाही.

यात त्यांच्यावर अन्याय झाला का, हे मी सांगणार नाही. राजकारणात त्या मुरलेल्या आहेत, त्यांची बाजू त्या मांडू शकतात. सभापतिपद कुठल्या पक्षाला जायचं हे तीन पक्षांच्या वाटाघाटीत ठरतं, आणि ते भाजपला जायचं ठरलं, हेही आपल्याला कळतं. मला सलतं ते वेगळंच. अडीच वर्षं ती जागा भरायची कुणाला घाई नव्हती, कारण काम अडत नव्हतं. काम अडत नव्हतं, कारण ते करणारी बाई समर्थ होती. ती कमी पडली असती, सभागृह रोज कोसळलं असतं, तर महिन्याभरात निवडणूक लागली असती. एका महिला पतसंस्थेत मी हेच जवळून पाहिलं आहे. उपाध्यक्षा वसुलीपासून ऑडिटपर्यंत सगळं बघायच्या, म्हणून अध्यक्ष निवडायची सभाच लागेना. शेवटी लागली तेव्हा अध्यक्ष म्हणून भलतंच नाव पुढे आलं आणि उपाध्यक्षांना शाल-श्रीफळ मिळालं.

शिबिरातल्या बायकांनी पुढे विचारलं, "यात आमचं काय?" तर तुमचं बरंच आहे. सभापती निवडतात सदस्य, आणि त्यातल्या बावीस सदस्यांना निवडतात नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य आणि पंचायत समित्यांचे सभापती. या संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ग्रामपंचायत सदस्याला हे मत नाही, पण जिल्हा परिषदेवर, नगरपालिकेवर गेलेल्या बाईला आहे. हे मतदान तिचं स्वतःचं आणि गुप्त असतं. मतदानाआधी सदस्यांना सहलीला नेतात, हॉटेलात ठेवतात, 'ह्यांचं ह्यांना कळतं' म्हणून नवरे सगळं ठरवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहिताना मात्र नवरा शेजारी नसतो.

आणि तुमच्यापैकी ज्या पदवीधर आहेत त्यांना तर थेटच मत आहे. राज्यात सात पदवीधर मतदारसंघ आहेत : मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. पदवी घेऊन तीन वर्षं झालेली असावी लागतात. इथे एक गोष्ट बहुतेकींना माहीत नसते. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणजे या यादीत ते आपोआप येत नाही, आणि सहा वर्षांपूर्वी नाव नोंदवलं होतं म्हणून याही वेळी असेल असं नाही. प्रत्येक निवडणुकीला यादी नव्याने करतात. त्यासाठी अठरा नंबरचा अर्ज भरावा लागतो, सोबत पदवी प्रमाणपत्र किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत.

आमच्या गल्लीत दरवेळी बायकांचे अर्ज एकाच ठिकाणी अडतात. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. मग 'राहू दे, कुठे खेटे घालायचे' असं होतं आणि पुरुषांची नावं यादीत जातात, बायकांची राहतात. लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र अर्जासोबत आधीच जोडा. पदवी प्रमाणपत्र ट्रंकेत तळाशी असेल तर आत्ताच वर काढून ठेवा. नोंदणीची जाहिरात साधारण ऑक्टोबरात येते आणि दिवस थोडेच असतात.